छर्ऱ्याची बंदूक : निवड, छर्रे आणि कायद्याची हद्द

माघ लागला कीं नाशिक, निफाड व दिंडोरी या तालुक्यांतील द्राक्षबागाईतदारांची झोंप उडते. गोडी छाटणीपासून तीन-चार महिने लेंकराप्रमाणें जपलेल्या घडांत पाणी उतरलेलें असतें, व्यापारी बागेंतून फिरूं लागलेला असतो, आणि नेमक्या त्याच वेळीं पहांटेच्या पहिल्या उजेडाबरोबर बुलबुल, साळुंक्या व राघू यांच्या टोळ्या कडेच्या ओळींवर उतरतात. पांखरूं एका घडांतले दोनच मणी फोडतें. परंतु फुटलेल्या मण्याचा रस शेजारच्या मण्यांवर ओघळतो, त्यावर बुरशी धरते, गांधीलमाशा जमतात, आणि चार दिवसांत सबंध घड निर्यातीच्या पेटींतून बाद होतो. अशा वेळीं घरांतला एखादा तरुण मुलगा छर्ऱ्याची बंदूक आणण्याची गोष्ट काढतो. कोणती घ्यावी, छर्रे कोणते वापरावे, आणि एवीतेवी घेतलीच तर तिनें तित्तर, लावा, ससा यांचीही शिकार साधेल काय, असे प्रश्न मग निघतात.

या प्रश्नांचीं उत्तरें उलट्या क्रमानें देणें भाग आहे. शेवटच्या प्रश्नाचें उत्तर 'नाहीं' असें आहे, आणि तें आधीं समजून घेतल्यावांचून पहिल्या दोहोंचीं उत्तरें नीट उमगणार नाहींत.

आपल्या वाडवडिलांच्या वेळीं लहान शिकार ही उघड व राजरोस गोष्ट होती. १९१२ सालच्या कायद्यानें पक्ष्यांना व कांहीं जनावरांना ठराविक महिन्यांपुरतें संरक्षण दिलें होतें. पुढें १९५१ च्या मुंबई राज्याच्या कायद्यानें शिकारीस परवाना लागूं लागला. १९७२ सालीं वन्यजीव संरक्षण कायदा आला व १९९१ च्या दुरुस्तीनें शिकारीचे परवाने देण्याची पद्धतच संपुष्टांत आली. तरीही कावळा, उंदीर, फळें खाणारें वटवाघूळ असे थोडे जीव 'उपद्रवी' म्हणून पांचव्या परिशिष्टांत वेगळे राहिले होते. पुष्कळ शेतकऱ्यांच्या मनांत अजून तीच यादी घोळत असते. परंतु २०२२ च्या दुरुस्तीनें तें परिशिष्टच उडालें, व ही दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अंमलांत आहे. आतां एखादा प्राणी उपद्रवी ठरवावयाचा तर केंद्र सरकारनें ठराविक मुलखापुरती व ठराविक मुदतीपुरती तशी अधिसूचना काढावी लागते. गांवांत चार लोक म्हणतात म्हणून कोणताही प्राणी उपद्रवी ठरत नाहीं.

तित्तर, लावा, ससा, हरियाल, बुलबुल, साळुंकी, राघू हे सारे या कायद्याच्या छत्राखालीं आहेत. शिकार म्हणजे केवळ ठार मारणें नव्हे. जखमी करणें, फांस लावणें, विष घालणें, अंडीं वा घरटें मोडणें, एवढेंच नव्हे तर यांपैकीं कशाचाही प्रयत्न करणें, हें सर्व त्या शब्दांत येतें. सामान्य गुन्ह्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊं शकतात. मोरासारखा पहिल्या परिशिष्टांतील जीव असेल, अथवा शिकार अभयारण्यांत घडली असेल, तर कैद तीन वर्षांहून कमी नाहीं व सात वर्षांपर्यंत जाते. बंदूक जप्त होते ती निराळीच.

निफाड तालुक्यांतील वाचकांनीं आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. गोदावरी व कादवा यांच्या संगमावरील नांदूर मध्यमेश्वर हें १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, आणि २०२० सालीं रामसर यादींत स्थान मिळविणारी महाराष्ट्रांतील ती पहिली पाणथळ जागा ठरली. चापडगांव, खाणगांव थडी या बाजूच्या शिवारांतून अभयारण्याची हद्द कोठें लागते हें बांधावरून पाहून सहज कळत नाहीं. आणि अभयारण्यांत परवानगीवांचून नुसतें हत्यार घेऊन शिरणें हाही गुन्हाच आहे. बंदूक खांद्यावर टाकून बांधाबांधानें फिरणाऱ्या मुलास ही हद्द आधीं दाखवून द्यावी.

रानडुक्कर व नीलगाय यांच्या उपद्रवाचा प्रश्न खरा आहे व कठीणही आहे. त्याकरितां याच कायद्याच्या ११ व्या कलमांत उभ्या पिकाची नासाडी करणाऱ्या कांहीं प्राण्यांविषयीं अधिकाऱ्याच्या लेखी हुकुमाची तरतूद आहे, व नुकसानभरपाईसाठीं वनखात्याकडे अर्ज करतां येतो. छर्ऱ्याच्या बंदुकीचा मात्र या कामीं तिळमात्र उपयोग नाहीं. तिच्या छर्ऱ्यानें डुकराची कातडी दुखावते, जखम चिघळते, आणि पिसाळलेलें जनावर दुसऱ्या दिवशीं उंसांत कापणीवाल्यांच्या अंगावर येतें.

मग ही बंदूक घ्यावयाची कशासाठीं? नेमबाजीसाठीं. हें उत्तर ऐकून कित्येकांस हंसूं येईल; परंतु आपल्याच राज्यांतील उदाहरणें पहावीं. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० सालीं जागतिक अजिंक्यपद जिंकल्या, ठाण्याचे रुद्रांक्ष पाटील २०२२ सालीं कैरो येथें दहा मीटर एअर रायफलींत जगज्जेते झाले, आणि राधानगरी तालुक्यांतील कांबळवाडीचे स्वप्निल कुसाळे यांनीं २०२४ सालीं पॅरिस येथें ऑलिंपिक कांस्यपदक मिळविलें. कांबळवाडी हें कांहीं शहर नव्हे. नाशिकांतही निवृत्त पोलीस अधिकारी व क्रीडामानसतज्ज्ञ भीष्मराज बाम यांनीं या खेळास वळण लावलें, मोनाली गोऱ्हे यांनीं नेमबाजांच्या पिढ्या घडविल्या. बाम २०१७ सालीं व गोऱ्हे २०२१ सालीं निवर्तल्या. त्यांनीं लावलेली गोडी या गांवांत टिकून आहे. ज्याच्या खळ्यांत दहा मीटर लांबीची सरळ जागा व पाठीमागें भक्कम भिंत आहे, त्याच्या घरीं या खेळाचा पहिला धडा गिरवितां येतो.

आतां निवडीकडे वळूं. २०१६ च्या शस्त्रनियमांप्रमाणें ज्या हवेच्या बंदुकीची ऊर्जा नळीच्या तोंडाशीं २० ज्यूलांहून अधिक आहे, किंवा जिच्या नळीचा व्यास ४.५ मिलिमीटरांहून मोठा आहे, ती परवान्याच्या कक्षेंत येते. परदेशांतील पुस्तकांतून व चित्रफितींतून लहान शिकारीसाठीं ५.५ मिलिमीटरांची बंदूक वाखाणलेली असते. त्या शिफारशी त्या त्या देशांच्या कायद्यावर बेतलेल्या असतात. इंग्लंडांत परवान्यावांचूनची मर्यादा सुमारें १६ ज्यूल आहे, जर्मनींत साडेसात. आपल्याकडे ५.५ ची बंदूक परवान्यावांचून बाळगणें म्हणजे फुकाची अडचण ओढवून घेणें होय.

ज्यूल म्हणजे काय हें दुकानदार सांगत नाहीं, म्हणून येथें हिशेब मांडतों. छर्ऱ्याचें वजन किलोग्रॅममध्यें घ्यावें, वेग दर सेकंदास किती मीटर तो घ्यावा, वेगाचा वर्ग करून वजनानें गुणावें व निम्मे करावे. नेहमींचा ८ ग्रेनांचा छर्रा म्हणजे ०.५२ ग्रॅम, आपल्या जुन्या मापानें चार गुंजांच्या आसपास. तो सेकंदास १७० मीटर वेगानें सुटला तर साडेसात ज्यूल होतात, २०० मीटरांनीं सुटला तर सुमारें साडेदहा, २५० नें सव्वासोळा, आणि २७७ मीटरांस वीस ज्यूल पुरे होतात. खोक्यावर मोठ्या अक्षरांत 'हजार फूट वेग' असें छापलेलें असतें. हजार फूट म्हणजे ३०५ मीटर. या वेगानें आठ ग्रेनांचा छर्रा खरोखरच सुटत असेल तर ऊर्जा चोवीस ज्यूलांवर जाते, व ती बंदूक परवान्यावांचून ठेवतां येत नाहीं. तसें नसेल, तर तो वेग पांच-साडेपांच ग्रेनांच्या हलक्या मिश्रधातूच्या छर्ऱ्यानें काढलेला आहे, आणि तसले छर्रे नेमास सहसा वाईट. म्हणजे जाहिरात खरी असली तर घेणाऱ्यास अडचणीची, आणि खोटी असली तर निरुपयोगी. शिवाय वेग आवाजाच्या वेगाजवळ, म्हणजे सेकंदास ३४० मीटरांच्या आसपास गेला कीं छर्रा हवेंत डगमगूं लागतो. स्पर्धेच्या रायफली १७० ते १८० मीटरांवर समाधान मानतात. अर्ध्या मिलिमीटरांचा दहाचा ठिपका त्यांना त्याच वेगानें फोडतां येतो. ऊर्जेचा दाखला व पावती विक्रेत्याकडून मागून घ्यावी आणि बंदुकीबरोबरच ठेवावी.

हवेच्या बंदुकींत तीन घराणीं आहेत. पहिली स्प्रिंगची : नळी मोडून खालीं दाबली कीं स्प्रिंग आंवळली जाते, चाप ओढतांच दट्ट्या सुटून हवा दाबतो व ती हवा छर्ऱ्यास ढकलते. दुसरी आधींच हवा भरून ठेवण्याची; तिला धक्का जवळजवळ नसतो, नेम उत्तम, पण हवा भरण्याचा पंप वा सिलिंडर, वायसरें, देखभाल हें सारें मागें लागतें. तिसरी वायूच्या लहान कुपीवर चालणारी. थंडींत तिचा जोर उतरतो आणि कुप्यांचा खर्च वाढतच जातो. खेड्यांतील पहिल्या बंदुकीसाठीं साधी स्प्रिंगचीच घ्यावी असें माझें मत आहे. ती बिघडली तरी हातीं असलेल्या अवजारांनीं समजतां येते, आणि तिच्यावर नेम शिकलेला मुलगा पुढें कोणत्याही बंदुकीवर चुकत नाहीं.

घेतांना पुढील गोष्टी पारखाव्या. नळीच्या आंत पीळ पाडलेला असावा; गुळगुळीत नळीची बंदूक जत्रेंतले फुगे फोडण्यापुरतीच. नळी मिटल्यावर सांध्याशीं बोटानें हलवून पहावी. तेथें किंचित् जरी खेळ असला तरी नेम कधींच स्थिर राहणार नाहीं. चाप ओढतांना कोठें सुटेल हें कळलें पाहिजे. वजन मुलाच्या अंगमानास जुळावें. स्पर्धेच्या रायफलीस साडेपांच किलोंची कमाल मर्यादा आहे, परंतु चौदा वर्षांच्या मुलाच्या हातीं तीन किलोंची पुरे. पुढची माशी व मागची खांच यांवरच पहिलें वर्ष काढावें. दुर्बिणीचा हट्ट धरलाच, तर ती स्प्रिंगच्या बंदुकीसाठीं बनविलेली आहे अशी खात्री करून घ्यावी. कारण ही बंदूक आधीं मागें व लगेच पुढें असा दुहेरी झटका देते, आणि साधी दुर्बीण थोड्याच दिवसांत निकामी होते. याच झटक्यामुळें ती घट्ट आंवळून धरूं नये. उघड्या तळहातावर सैल टेकवावी, दर वेळीं त्याच जागीं.

छर्ऱ्यांचा विषय अधिक मजेचा आहे. छर्रा शिशाचा असून मध्यें कमरेशीं बारीक व मागें घागऱ्यासारखा पसरट असतो. हवेच्या दाबानें हा घेर फुलून नळीच्या पिळांत रुततो, म्हणूनच छर्रा गिरकी घेत सरळ जातो. घेर जरासा जरी चेपलेला असला तरी सारें गणित बिघडतें. डबा उघडल्यावर वीस छर्रे कांचेवर घरंगळत सोडावे. जे वांकडे वळतात ते बाजूस काढावे. ओळखीचा सोनार असेल तर दहा छर्रे एकेक करून त्याच्या कांट्यावर तोलावे. वजनांत फरक जितका कमी तितका माल चांगला.

आकारानें सपाट डोक्याचे, गोल डोक्याचे, अणकुचीदार व खोलगट असे प्रकार मिळतात. कागदाच्या लक्ष्यावर सपाट डोक्याचा घ्यावा, तो नाण्यानें कापल्यासारखें स्वच्छ भोंक पाडतो व गुण मोजतां येतात. वीस-पंचवीस मीटरांवर गोल डोक्याचा अधिक सरळ जातो. अणकुचीदार छर्रा दिसायला फार तिखट, पण त्याचें टोंक मध्यावर असतेंच असें नाहीं, आणि तो उगीच महाग. कोणता छर्रा कोणत्या नळीला मानवेल हें मात्र कोणीही आधीं सांगूं शकत नाहीं. तीन-चार जातींचे लहान डबे आणावे, बंदूक वाळूच्या पिशवीवर टेकवून दहा मीटरांवरून प्रत्येक जातीचे पांच-पांच छर्रे झाडावे. ज्या जातीचीं पांचही भोंकें एका रुपयाच्या नाण्याखालीं झांकलीं जातात ती आपली. पुढें अंतर वाढविलें कीं छर्रा खालीं पडतो हें विसरूं नये : २०० मीटर वेगाचा छर्रा दहा मीटरांवर नळीच्या रेषेखालीं जेमतेम सव्वा सेंटिमीटर उतरतो, तर तीस मीटरांवर बारा-चौदा सेंटिमीटर.

छर्रा न घालतां चाप कधींच ओढूं नये. दट्ट्या आपटून फुटतो. नळी मोडलेली असतांना मागच्या तोंडांत बोट घालतांना दुसऱ्या हातानें नळी घट्ट धरावी. ती निसटली तर अंगठ्याचें हाड राहत नाहीं. दट्ट्याच्या भांड्यांत तेल ओतूं नये, दाबानें तें पेट घेतें व बार होतो. शिसें विषारी आहे. छर्रे तोंडांत धरण्याची पोरांची खोड मोडावी, खेळ झाल्यावर हात साबणानें धुवावे, आणि वापरलेले छर्रे वेंचून ठेवावे, कारण गुरांना शिसें चाटण्याची खोड असते व तें त्यांच्या पोटांत राहून घात करतें. युरोपीय संघानें फेब्रुवारी २०२३ पासून पाणथळ जागांत शिशाच्या छर्ऱ्यांनीं शिकार करण्यास बंदी घातली आहे, ती याच विषामुळें. आपलीं द्राक्षें ज्या बाजारांत जातात तोच हा मुलूख.

आतां एक गोष्ट माझ्या स्वतःच्या बागेंतली. पुष्कळ वर्षांपूर्वीं मींही एक बंदूक आणली होती. एका सकाळीं कडेच्या ओळींतल्या तारेवर बुलबुल बसलेला पाहून मीं चाप ओढला. बुलबुल उडाला. छर्रा मांडवाच्या लोखंडी अँगलवर आदळून वळला आणि तिसऱ्या ओळींत घड विरळणाऱ्या एका बाईच्या कपाळावर लागला, भुंवईच्या वर दोन बोटें. रक्ताचा थेंब आला, सूज आली, दोन दिवसांत उतरलीही. ती बाई मला कांहीं बोलली नाहीं. डोक्यावरचा पदर पुढें ओढून पुन्हां कामास लागली. दोन बोटें खालीं लागला असता तर काय झालें असतें हें मला तेव्हांपासून ठाऊक आहे. दुपारीं पाहतों तों आधीं सुटलेल्या एका छर्ऱ्यानें ठिबकची नळीही फुटलेली. बुलबुल संध्याकाळीं परत आला होता.

द्राक्षाची बाग ही लोखंडाची, तारांची व माणसांची जागा आहे, आणि वर झाडलेला छर्रा दोनशें मीटरांपलीकडेंही जाऊं शकतो. म्हणून बंदूक खळ्याबाहेर काढूंच नये. लक्ष्यामागें जाड पत्रा खालीं तोंड करून तिरपा लावावा व त्याखालीं वाळूची पेटी ठेवावी. छर्रा पत्र्यावर चपटा होऊन वाळूंत पडतो. मुलांनीं वडील माणूस हजर असल्यावांचून हात लावूं नये, आणि बंदूक व छर्रे वेगवेगळ्या कुलपांत असावे.

पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली यांचा आरंभ अशाच एका खेळण्यांतल्या हवाबंदुकीनें झाला हें पुष्कळांस माहीत असेल. लहानपणीं त्यांनीं मारलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ती कोणती हें विचारण्यास ते मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटींत गेले, आणि तेथील मिलर्ड साहेबांनीं त्यांना पेंढा भरलेल्या पक्ष्यांचीं कपाटें उघडून दाखविलीं. तो काळ वेगळा होता. अरुणाचल प्रदेशांत २०२१ च्या मार्चपासून लोकांनीं आपण होऊन एअरगन सरकारजमा करण्याची मोहीम सुरू झाली, व दोन हजारांवर बंदुका जमा झाल्या. तेथें त्या बंदुकांनीं खरोखरच रानें मुकीं होऊं लागलीं होतीं.

राहिला बागेच्या राखणीचा प्रश्न. पूर्वीं माळ्यावर बसून गोफण फिरविणारा गडी ठेवीत. आज तो मिळत नाहीं, आणि मिळाला तरी गोफणीचा धोंडाही घडांवरच पडतो. चमकणाऱ्या फिती पहिले आठ दिवस काम देतात, पुढें पांखरें त्यांवरच बसूं लागतात. लावावयाच्याच तर पीळ देऊन ताणाव्या म्हणजे वाऱ्यानें गुणगुणतात, व दर चार दिवसांनीं जागा बदलावी. आवाजाच्या यंत्रांचेंही तेंच. खात्रीचा उपाय जाळी हाच. मण्यांत पाणी उतरूं लागतांच ती लागली पाहिजे. पांखरांनीं गोडी चाखल्यावर लावलेल्या जाळीला तीं जिद्दीनें वाट शोधतात. संबंध बाग झांकण्याची ऐपत नसेल तर ज्या बाजूस झाडी, ओढा वा विजेच्या तारा आहेत त्या बाजूच्या चार-पांच ओळी आधीं झांकाव्या. नुकसानीचा मोठा वांटा तेथेंच असतो. भोंकें बारीक असावीं, दीड-दोन सेंटिमीटरांचीं. मोठ्या भोंकांत पांखराचें डोकें अडकतें. खालची कड जमिनीवर लोळत ठेवूं नये, तींत साप गुंततो. ती तारेला बांधून घ्यावी. सकाळ-संध्याकाळ एक फेरी मारून अडकलेलें पांखरूं सोडवावें.

काढणी झाल्यावर जाळी घाईनें ओढून काढतात व फाडतात. दोघांनीं दोन टोंकांनीं सोडवीत, ओळीओळीनें गुंडाळावी, काड्या व पानें झटकून उन्हाआड वाळवावी. पोत्यांत भरून कोपऱ्यांत टाकली तर पावसाळ्यांत उंदीर ती कुरतडतात. म्हणून तुळईला टांगून ठेवावी. चांगली राखलेली जाळी चार-पांच हंगाम चालते, आणि एकरीं खर्च मांडतांना तो त्या सर्व हंगामांवर वांटून मांडावा.